चार चाकांवरचे बिऱ्हाड

न्यूझीलंड हा देश धनिकांनीच पाहावयाचा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आणि तेथील विश्रामगृहांचे दर वाचले म्हणजे ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. तेथील एका डॉलरला आपले सुमारे पन्नास रुपये मोजावे लागतात. तथापि वाहन, निवास आणि स्वयंपाकघर या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणणारी एक सोय त्या देशात सर्वत्र आढळते. तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. दिवसा बाके आणि रात्री बिछाना अशी रचना, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, पाण्याची टाकी व मोरी, असे हे फिरते बिऱ्हाड होय. ऐन हंगामात त्याचेही भाडे शाळामास्तराच्या मिळकतीस पेलणारे नसते. आम्हांस ते परवडले, त्याचे कारण तेथील धंद्याच्या एका अडचणीत आहे.

परदेशी प्रवासी बहुधा उत्तरेस ऑकलंडला उतरतात, गाडी घेऊन दक्षिणेकडे जातात आणि क्राइस्टचर्च किंवा क्वीन्सटाउन येथे ती सोडून विमानाने परततात. म्हणून उन्हाळा सरला की गाड्या दक्षिणेत साचतात. पगारी चालक धाडून त्या परत आणण्यापेक्षा प्रवाशांच्याच हाती त्या द्याव्यात, हे कंपन्यांना स्वस्त पडते. दिवसाला एक डॉलर इतक्या नाममात्र भाड्यातही अशी गाडी मिळू शकते. अट एकच, पण कडक: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गाडी उत्तरेत पोहोचली पाहिजे.

आमची कन्या क्राइस्टचर्चला शिकते. मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता तिला भेटावयास गेलो होतो आणि परतीचे विमान ऑकलंडहून होते. तिघांच्या देशांतर्गत विमानभाड्याचा हिशेब करीत असता तिने ही युक्ती काढली. शिक्षण संपल्यावर ती तेथेच नोकरी करणार की घरी येणार, हा प्रश्न महिनाभर घरात कोणी उच्चारला नव्हता. पाच दिवस एका खोलीएवढ्या जागेत तिघांनी राहावयाचे ठरले, तेव्हा तो टळणार नाही हे मला दिसत होते.

ताबा घेताना एक गोष्ट मनावर दडपण आणते. विम्यातून न सुटणाऱ्या नुकसानीपोटी काही हजार डॉलरची रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. आमची वर्षाची शिल्लकच त्यात गुंतली. त्यामुळे पहिल्या दिवशी एकेरी पुलापाशी मी समोरची गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबत असे. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात आणि इंग्रजीतील भारतीय परवाना चालतो, हे त्यातल्या त्यात बरे. डिझेलची गाडी असल्यास इंधनाखेरीज किलोमीटरवर आकारला जाणारा रस्ताकर निराळा असतो; तो करारात कोणाच्या माथी आहे, ते सही करण्यापूर्वी पाहावे.

वाटेल तेथे गाडी उभी करून झोपता येते, ही कल्पनाही सोडून द्यावी. २०११ चा एक कायदा व त्यानंतर २०२३ चा दुसरा, यांनी त्यावर बंधने घातली आहेत. गाडीत पक्के बसविलेले शौचपात्र व सांडपाण्याची टाकी असून तसा हिरवा दाखला काचेवर असेल, तरच नेमून दिलेल्या बऱ्याच जागी विनामूल्य मुक्काम करता येतो. नाहीतर शेकडो डॉलरचा दंड. सरकारी वनखात्याचे साधे तळही आहेत. त्यांपैकी काही फुकट, तर काही माणशी थोड्या शुल्काचे. गावोगावी सांडपाणी व मैला ओतण्याची ठिकाणे असतात. ते काम मी आपण होऊन पत्करले. सौ. म्हणाली, "अहो, घरी मोरी धुवायला कधी हात लावला नाहीत!" यावर कन्या फार दिवसांनी मोकळेपणी हसली.

पहिला मुक्काम काइकौरा. माओरी भाषेत या नावाचा अर्थ शेवंड खाणे असा आहे. तेथे ती इतकी महाग, की आम्ही नावावरच तृप्त झालो आणि व्हॅनमध्ये पिठले-भात केला. गावाच्या उत्तरेस एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मधून रस्ता व लोहमार्ग. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात हे डोंगर कोसळले आणि काही ठिकाणी समुद्रतळ कित्येक मीटर वर उचलला गेला. हा रस्ता डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा खुला झाला. खडकांवर सील आपल्याकडील म्हशींच्या निवांतपणे पहुडलेले असतात. त्यांना पाहण्यास पैसा पडत नाही.

पिक्टनला मात्र गणित विसकटले. दोन बेटांमधील कुक सामुद्रधुनी बोटीने ओलांडावयास साडेतीन तासांच्या आसपास लागतात. गाडीसह हे भाडे म्हणजे आमच्या प्रवासातील सर्वांत मोठा खर्च. दक्षिणेचे वारे सुटले आणि सकाळची बोट संध्याकाळवर गेली. एक दिवस बुडाला. मुदत तर तीच. काचांवर आतून पाणी धरले होते आणि बाहेर पाऊस. तेथे, चहाचे तिसरे आधण चढवताना, कन्येने आपण होऊन विषय काढला. "बाबा, मी दोन वर्षे इथेच नोकरी करणार. कर्ज फेडून मगच येईन." कर्ज माझ्या नावावर आहे, ते मी फेडीन, असे मी म्हणालो. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने दोन वर्षांचे बारा महिन्यांनी गुणून हप्त्याचा हिशेब विचारला, आणि तो त्याच कागदावर मांडला ज्यावर प्रवासाचा खर्च लिहिला होता.

पुढील बेत आखडते घेतले. वेलिंग्टन रात्री उतरून मागे टाकले. टोंगारिरोच्या पायवाटेचा विचार सोडला. १८८७ साली ते हेउहेउ तुकिनो चौथे या माओरी प्रमुखाने ही पवित्र शिखरे राष्ट्राला दिली, हा इतिहास धावत्या गाडीतच सांगून झाला. डेझर्ट रोडवर सुसाट वाऱ्यात उंच गाडी डोलते, म्हणून वेग मी आपणच कमी ठेवला. डावीकडे २,७९७ मीटर उंचीचा रुआपेहू ढगांतून क्षणभर निघाला, तेवढाच.

एका गोष्टीवर मात्र सौ.ने तडजोड केली नाही: ताउपोच्या स्पा उद्यानातील ओतुमुहेके हा गरम पाण्याचा झरा. तेथे पैसे घेत नाहीत. पहाटेच्या थंडीत वाफाळत्या पाण्यात पाय सोडून माय-लेकी तासभर बसल्या. मी घड्याळाकडे पाहिले, परंतु काही बोललो नाही. ऑकलंड तेथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर.

मुदतीस चाळीस मिनिटे असता आम्ही गाडी लावली. तेथील माणसाने चहूबाजूंनी फिरून पाहिले, चाकांशी वाकला, गॅसची टाकी हलवून पाहिली आणि "ठीक आहे" असे म्हणून सही केली. अडकलेली रक्कम आठवड्याभरात सुटली. उरलेले बेसन, डाळ आणि तिखटाची बाटली कन्येने क्राइस्टचर्चच्या विमानासाठी आपल्या पिशवीत भरून घेतली.