क्षीण सिग्नलचं माप

तिसगावात माझ्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे-अधिक रेडिओ ऊसतोडीला जाणाऱ्यांचे असत. दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातली माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडे निघत आणि निघायच्या आधी सेलवरचा सेट दुकानात ठेवून जात. तक्रार ठरलेली: “दादा, पुणं लई बारीक लागतंय.” पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर. दिवसा आमच्याकडे ते क्षीणच यायचं. हा क्षीण सिग्नल नीट पकडेल असा सेट जुळवून देणं, यातच मेकॅनिकचं कसब असतं.

सेट जुळवायला 455 किलोहर्ट्झचा सिग्नल लागतो हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं. तो किती बारीक हवा, याकडे मात्र लक्ष जात नाही. सिग्नल जोरात दिला की सेटमधली एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा राखणारी सोय, जागी होते आणि आवाज दाबून धरते. मग 455 ला जुळवायची आयएफची कॉइल कितीही फिरवा, शिखर कळतच नाही, सगळं सपाट वाटतं. सिग्नल एजीसीच्या खाली नेला, की स्क्रूच्या जराशा फिरण्यानेही आवाज चढता-उतरता ऐकू येतो. म्हणून हा सिग्नल तयार करणाऱ्या जनरेटरची खरी किंमत तो किती कमी सिग्नल देऊ शकतो आणि तो किती आहे हे सांगू शकतो का, यावर ठरते. कंपनीच्या जनरेटरमध्ये पैसा जातो तो या भागासाठीच. ते यंत्र मला परवडणारं नव्हतं.

माझा जनरेटर बीएफडब्ल्यू10 या फेटवर बांधलेला आहे. जुन्या सेटातला गँग कंडेन्सर, हाताने गुंडाळलेल्या कॉइल आणि बँड बदलायला रोटरी स्विच. 455 किलोहर्ट्झपासून 30 मेगाहर्ट्झपर्यंत तो चालतो. आउटपुट कमी करायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे व्हॉल्यूमचा पॉट. 455 ला तो काम देतो. वरच्या बँडला देत नाही, आणि त्याचं कारण हिशेबात दिसतं. पॉटच्या टोकांमध्ये दोन पिकोफॅरड जरी भटकी कपॅसिटन्स धरली, तरी 30 मेगाहर्ट्झला तिचा अडथळा उरतो सुमारे 2650 ओहम. पुढे 50 ओहमचा लोड असेल, तर पॉट पूर्ण बंद करूनही सिग्नलचा पन्नासावा भाग तिथून निसटतो. क्षीण सिग्नलच्या कामाला हा पन्नासावा भाग फार मोठा आहे.

यावर उपाय म्हणजे रेझिस्टरचे टप्पे. एक रेझिस्टर आडवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर जमिनीकडे. 20 डेसिबलचा टप्पा, म्हणजे व्होल्टेज दहाव्या भागावर आणायचं, तर 50 ओहमच्या लाइनसाठी आडवा 248 आणि उभे 61 ओहम लागतात. ही मापं दुकानात मिळत नाहीत. मी आडव्या जागी 220 आणि 27 एकापुढे एक जोडले, तर उभ्या जागी 120 चे दोन-दोन समांतर. हिशेब येतो 20.05 डेसिबल. दहाच्या टप्प्याला 100, 68, 100 असे सरळ लावले. तो 9.7 डेसिबलच्या जवळ येतो, म्हणून टप्प्यांच्या डबीच्या झाकणावर 9.7 असंच लिहिलं. आकडा गोल नसला तरी चालतो, तो खरा असावा लागतो. मेटल फिल्मचे हे रेझिस्टर आणि दुहेरी स्लाइड स्विच पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किरकोळ किमतीत मिळाले.

हा टप्पा तपासायला कुठलंही महाग यंत्र लागत नाही, ही या सगळ्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट. रेझिस्टर डीसीलाही तेवढंच कापतात. टप्प्याच्या शेवटी 100 चे दोन समांतर जोडून 50 ओहमचा लोड द्या, पुढच्या बाजूला दीड व्होल्टचा सेल लावा. मल्टिमीटरवर लोडपाशी सेलच्या व्होल्टेजचा दहावा भाग दिसला, की जोडणी बरोबर. पुढे वरच्या फ्रिक्वेन्सीला ती बिघडू न देणं उरतं, आणि ते रेझिस्टरच्या पायांच्या लांबीवर आणि टप्प्यांभोवतीच्या पत्र्यावर अवलंबून असतं.

एकाच टप्प्यात 60 डेसिबल कापायचा मोह होतो. पण त्यासाठी आडवा रेझिस्टर 25,000 ओहमचा लागतो, आणि स्विचमधली एक पिकोफॅरडची कपॅसिटन्स 30 मेगाहर्ट्झला साधारण 5300 ओहमची वाट उघडून देते. सिग्नल रेझिस्टरमधून कशाला जाईल? म्हणून एका टप्प्यात वीसच आणि असे पाच टप्पे, प्रत्येक टप्पा वेगळ्या कप्प्यात. कप्पे गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे केले. त्यावर कल्हई असल्याने सोल्डर छान धरतं. ऑसिलेटरला स्वतःचा बंद डबा दिला आणि वीजही डब्यातल्या सेलचीच, म्हणजे सप्लायच्या तारेवरून काही बाहेर पडायला नको. शेवटची परीक्षा अशी: सगळे टप्पे चालू ठेवून केबल जनरेटरच्या बाजूने काढायची. तरीही सेट बोलत राहिला, तर सिग्नल हवेतून येतोय आणि झाकणावरचे आकडे खोटे आहेत.

आकडे खरे ठरायला सुरुवातीचं व्होल्टेज स्थिर लागतं. गँग फिरवला की ऑसिलेटरचा जोर बदलतो. म्हणून ऑसिलेटरच्या पुढच्या बफरनंतर, टप्प्यांच्या आधी, ओए79 जर्मेनियम डायोडने व्होल्टेज मोजलं. एलएम358 ते ठरलेल्या पातळीशी ताडून पाहतो आणि फेटचा सप्लाय तेवढा कमी-जास्त करतो. ही पातळी एक व्होल्टच्या आसपास ठेवली, कारण फार कमी व्होल्टेजला डायोड नीट मोजत नाही. तिथून 50 ओहमवर 224 मिलिव्होल्ट, म्हणजे एक मिलिवॉट काढला. वीसचे पाचही टप्पे लावले की उरतात सव्वादोन मायक्रोव्होल्ट.

सिग्नल कापायची ही गरज मोठ्या यंत्रांनाही पडते. आमच्या गावावरून जाणारा कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग धरून नगरच्या पुढे आळेफाट्याकडे गेलं, की तिथून खोडद जवळ. विज्ञान दिनाला तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून गोविंद स्वरूप यांनी त्या कमी खर्चात उभ्या केल्या. सूर्याचं निरीक्षण करताना सिग्नल इतका जोरदार असतो, की या दुर्बिणीतही 14, 30 किंवा 44 डेसिबलचा कापणारा टप्पा मध्ये घालावा लागतो. हे समजल्यावर मला माझ्या पत्र्याच्या डबीचा अभिमान वाटला, आणि तो आजही आहे.

घरी जनरेटर बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आधी टप्प्यांची ही डबी बांधा, ऑसिलेटर नंतर. डबी चांगली असेल तर पुढे कुठलाही जनरेटर तिच्यामागे जोडता येतो. आणि जनरेटरला एरियल कधीही लावू नका. प्रक्षेपणाला परवाना लागतो, आणि आपल्या कामाला सिग्नल डब्यातच राहायला हवा.