नामदार गोखले आणि आमची एक चूक

फेब्रुवारी महिन्याची १९ तारीख, म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची पुण्यतिथि, आली कीं आम्ही आमच्या वर्गास त्यांच्या बालपणची एक गोष्ट सांगत असूं. घरीं करावयास दिलेलीं गणितें एकट्या गोपाळचींच बरोबर आलीं. गुरुजींनीं त्यास पहिल्या जागीं बसावयास सांगितलें, तों तो रडूं लागला. कारण त्यांतील एक गणित त्यानें दुसऱ्याच्या साह्यानें सोडविलें होतें. पाठ्यपुस्तकांतून चालत आलेली ही गोष्ट मुलें निमूटपणें ऐकत, आणि आम्हांस आपण मोठें कार्य केलें असें वाटे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील दोन मुलांच्या वह्यांत एकाच गणिताचें एकसारखेंच चुकीचें उत्तर आम्हांस आढळलें. त्यांपैकीं एकास सर्व वर्गादेखत आम्हीं लबाड म्हटलें व शेवटच्या बांकावर बसविलें. तीन दिवसांनीं दुसरा मुलगा एकटाच आमच्याकडे आला, आणि नक्कल आपण केली होती असें खालीं मान घालून म्हणाला. त्यास समज देऊन आम्हीं परत पाठविलें. परंतु ज्यास विनाकारण शिक्षा झाली, त्याचें काय? त्याच्याशीं आम्ही थोडे गोड बोलूं लागलों, इतकेंच. वर्गापुढें चूक कबूल केली तर शिक्षकाचा वचक राहणार नाहीं, अशी आम्हीं आपली समजूत घातली.

इतक्यांत तीच १९ तारीख जवळ आली. या खेपेस कांहीं अधिक सांगावें म्हणून आम्हीं गोखल्यांचें चरित्र पुन्हां हातीं घेतलें.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. ते तेरा वर्षांचे असतांनाच वडील वारले. वडील बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतील आठ रुपये ते गोपाळास धाडूं लागले. अशा कष्टांत १८८४ सालीं बी. ए. होऊन गोखले पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले व पुढें फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले. मुलांसाठीं त्यांनीं अंकगणिताचें पुस्तकही लिहिलें. न्यायमूर्ति रानडे यांच्याजवळ सार्वजनिक कार्याचे धडे त्यांनीं घेतले.

येथवर सारें आम्हांस ठाऊक होतें. १८९७ सालापाशीं मात्र आम्ही अडखळलों. त्या सालीं पुण्यांत प्लेगची सांथ होती आणि रोगी हुडकण्यासाठीं सोजीर घरोघर शिरत होते. गोखले तेव्हां वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेस गेलेले. पुण्याहून आलेल्या पत्रांवर भरंवसा ठेवून त्यांनीं सोजिरांवर स्त्रियांच्या विटंबनेचे गंभीर आरोप तेथें जाहीरपणें केले. स्वदेशीं परततांच सरकारनें पुरावा मागितला. पत्रें लिहिणारे पुढें येण्यास धजेनात. गोखल्यांनीं त्यांचीं नांवेंही सांगितलीं नाहींत. सोजिरांचा जाच लोकांना झालाच नव्हता असें नव्हे. पण जें सिद्ध करतां येत नाहीं तें आपण बोललों, एवढ्यासाठीं त्यांनीं बिनशर्त जाहीर माफी मागितली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. स्वकीयांनींच त्यांस भेकड ठरविलें, आणि त्यांचें सार्वजनिक जीवन आतां संपलें असें अनेकांस वाटलें.

तें संपलें नाहीं. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं रयतेवरील करांचा बोजा दाखवून दिला. पुढील वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ सालीं त्यांनीं भारतसेवक समाज स्थापिला व त्याच सालीं ते काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें त्यांचें विधेयक १९१२ सालीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशांत १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हां गोखल्यांस जाऊन पंचाण्णव वर्षें लोटलीं होतीं.

परंतु आमचें मन माफीपाशींच घोटाळत राहिलें. गोखल्यांनीं दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. आम्हीं तर चौकशीच केली नव्हती. त्यांस सगळ्या देशापुढें उभें राहावयाचें होतें, आम्हांस चाळीस मुलांपुढें. आणि तेवढेंही आमच्यानें होत नव्हतें!

१९ तारखेस आम्हीं ती जुनी गोष्ट सांगितली नाहीं. १८९७ सालची हकीकत सांगितली. नंतर त्या मुलास नांवानें हांक मारून, त्यास लबाड म्हणण्यांत चूक आमची होती, असें सर्वांदेखत म्हटलें. नक्कल कोणाची होती हें मात्र उच्चारलें नाहीं. वर्ग शांत होता. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण मधल्या सुटीनंतर पाहतों तों तो आपण होऊन आपल्या जुन्या जागेवर येऊन बसला होता. वचक कमी झाल्याचा अनुभव आम्हांस आला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, चूक सांगावयास आमच्याकडे कोणी आला, तर त्यास आतां आम्ही पूर्वींसारखी नुसती समज देऊन वाटेस लावीत नाहीं. आधीं जवळ बसवितों. पालकांसही आमचें एवढेंच मागणें आहे कीं, घरीं मूल चूक कबूल करूं लागलें तर त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावें. आणि चूक आपली असेल, तर तीही त्याच्यापुढें एकवार बोलून दाखवावी.