बोटीवरच्या पंगतीला लाल लुगडे

आमचे गिरीज वसई तालुक्यातले. हिराडोंगरीवर दत्ताचे देऊळ आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळातला वज्रगड तो हाच. डोंगरीखाली केळीच्या वाड्या, भाजीचे वाफे आणि गोड्या पाण्याची बावखले. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०१४ साली तालुका ठाण्यातून पालघर जिल्ह्यात गेला. इमारती दारापर्यंत आल्या, पण वाडीतला माणूस अजून पहाटेच उठतो. अशा गावातून गेल्या थंडीत आम्ही चौघे चैनीच्या बोटीवर गेलो, त्याची ही हकिगत.

काकींचा धाकटा मुलगा परदेशी बोटीवर मुदपाकखान्यात कामाला आहे. त्याने आईसाठी मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या सफरीची तिकिटे काढली. सोबतीला थोरली सून, मी आणि आमचे कुटुंब. काकींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्या जन्मभर आपल्याकडचे कुपारी पद्धतीचे लाल लुगडे नेसत आल्या. भाजीची पाटी घेऊन बाजारात गेल्या त्या लुगड्यात आणि मुलांची लग्ने लावली तीही लुगड्यातच.

तिकिटांबरोबर एक सूचनापत्र आले. त्यात लिहिले होते की, रात्रीच्या जेवणाला नीटनेटके कपडे घालावेत आणि एका रात्री समारंभाचा पोशाख करावा. झाले! घरात चार दिवस दुसरा विषय नाही. माझा लग्नातला कोट पेटीतून निघाला, पण त्याचे बटण पोटावर बसेना. सूनबाई म्हणाली, "काकींना लुगड्यात कोण आत घेणार? पाचवारी घेऊ या." काकींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काकी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. उगाच लोकांत हसे नको." काकी काही बोलल्या नाहीत.

सकाळच्या लोकलने मुंबई गाठली आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. धक्क्यावर तपासणी झाली आणि मोठ्या बॅगा त्यांनी ताब्यात घेतल्या. त्या खोलीवर पोचायला संध्याकाळ झाली. बोट म्हणजे पाण्यावरची दहा मजली चाळच. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटी जात. लोक डेकवर पथारी पसरत आणि घरून आणलेली भाकरी सोडत. तिथे कपड्यांचा प्रश्न नव्हता. या बोटीवर मात्र जेवणघरात झुंबरे, पांढरे टेबलक्लॉथ आणि ताटाच्या दोन्ही बाजूंना काटेचमचे.

पहिल्या रात्री काकी नव्या गुळगुळीत पाचवारीत आल्या. पायऱ्यांवर निऱ्या पायांत आल्या आणि त्या पडता पडता वाचल्या. पदर ठरेना, थंड हवेने अंग आकसले. एका हाताने निऱ्या धरून त्या दोन घास जेवल्या आणि म्हणाल्या, "मला खोलीवर ने." त्या रात्री त्या उपाशीच निजल्या म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी गोव्याला धाकट्याचा फोन आला. "दादा, आई जेवणाला काय नेसली होती?" मी सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अहो दादा, तो नियम अर्ध्या चड्डीसाठी आणि बनियनसाठी असतो. आईच्या लुगड्यासाठी नाही." त्याला आधीच विचारले असते तर! पण मला वाटले, आपल्याला कळतेच. दोष सुनेचा नव्हता. शेवटचा शब्द माझा होता.

पोशाखाची ही धास्ती जुनीच आहे. सप्टेंबर १८८८ मध्ये तरुण गांधीजी मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीवर ते काळा सूट घालत. पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी उतरताना घालायला जपून ठेवला होता. विलायतेत उतरले तेव्हा पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! सामान आणि किल्ल्या कंपनीच्या माणसाकडे गेलेल्या, त्यामुळे बदलायची सोयही नाही. काटेचमच्यांच्या संकोचाने ते बोटीवर खोलीतच, बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर भागवत. तेच गांधीजी १९३१ साली 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेला गेले, ते पंचा नेसून. बादशहाच्या राजवाड्यातही त्याच वेशात गेले.

आपल्या आनंदीबाई जोशीही १८८३ साली डॉक्टरकीसाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत, म्हणून नेसण्याची तऱ्हा त्यांनी बदलली, पण साडी सोडली नाही. थंडीसाठी बदल करणे वेगळे आणि लाजेपोटी बदलणे वेगळे.

दुसरी रात्र समारंभाची होती. काकींनी बॅगेच्या तळातून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. लाल लुगडे! त्यांनी ते आणलेच होते. मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं. हेच नेसा." त्या म्हणाल्या, "मग दार लावून बाहेर थांब." बाहेर आल्या तेव्हा त्यांची पाठ ताठ होती आणि पाऊल नेहमीसारखे भराभर पडत होते.

जेवणघराच्या दारात एक सुटाबुटातला माणूस उभा होता. आमच्या पुढच्या एका तरुणाला, अर्ध्या चड्डीत होता म्हणून, त्याने हळू आवाजात लांब विजार घालून यायला सांगितले. आमचा जीव खालीवर. काकी पुढे झाल्या. त्याने नमस्कार केला आणि स्वतः चालत जाऊन त्यांची खुर्ची मागे ओढली. काकींनी काटा बाजूला सारला आणि हाताने माशाचा तुकडा मोडला. कोणी पाहिले असेल, कोणी नसेल. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

कुणाच्या घरी असा योग आला, तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. समारंभाच्या रात्री साडी, लुगडे, स्वच्छ धोतर-सदरा, कुर्ता-पायजमा हे सर्व शोभते. विलायती बोटींच्या नियमांतही आपापल्या देशाचा पोशाख चालतो. पुरुषांनी सुटासाठी कर्ज काढू नये. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि पायांत बूट एवढे इतर रात्रींना पुरते. अर्धी चड्डी, बनियन आणि पोहण्याचे कपडे जेवणघरात नेऊ नयेत. पहिल्या संध्याकाळचे कपडे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठी बॅग उशिरा येते. पूर्वीच्या मोठ्या आगबोटींवरही याच कारणाने पहिल्या रात्री पोशाखाची सक्ती नसे. आत गारवा फार, म्हणून शाल हवीच. चपलेचा तळ घसरणारा नसावा. नटायचे नसेल, तर बहुतेक बोटींवर हाताने वाढून घ्यायचे दुसरे जेवणघर असते. तिथे साधे कपडे चालतात. आणि मनात शंका असेल, तर तिकीट देणाऱ्याला आधी विचारावे. आमच्यासारखे घरातल्या घरात ठरवू नये.

घरी आल्यावर काकींनी लुगडे धुऊन वाडीच्या कडेला दोरीवर टाकले. शेजारीण विचारायला आली, "काकी, बोटीवर काय नेसलात?"

काकी म्हणाल्या, "हेच की. दुसरं काय नेसणार?"

पहिल्या रात्रीबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीच खाली मान घालून दोरी ताणून बांधली.