एम.ए. करायचं तर असं

प्रिय भाचीबाई,



जर्मनची बी-२ झाली, आता विद्यापीठात एम.ए. करू की सरळ एखाद्या कंपनीत शिरू, असं विचारतेस. भावोजींचं म्हणणंही कळवलंस: भाषांतर आता यंत्रच करतं, मग दोन वर्षं कशाला घालवायची?

भावोजींचं अर्धं बरोबर आहे. ई-मेल नि मशीनची माहितीपत्रकं यांच्यासाठी एम.ए. लागत नाही. ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांवर भाषा किती वापरता येते ते मोजतात, आणि चोख मोजतात. ती बोलणारी माणसं अशी का वागतात, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. काही ठिकाणी तर एम.ए.लाही विचारत नाहीत. संस्कृतीचा पेपर म्हणजे नाताळचा बाजार आणि बिअरचा उत्सव. तसलं असेल तर खरंच जाऊ नकोस.

पण परकी भाषा मन लावून शिकली तर काय हाती लागतं, ते दोन माणसांवरून सांगते. गुंथर सोन्थायमर हे नाव तू ऐकलं नसशील. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले अभ्यासक. मूळचा विषय हिंदू कायदा. एकत्र कुटुंबावर त्यांचा ग्रंथ आहे. धर्मशास्त्राच्या पोथ्यांवर आयुष्य आरामात निघालं असतं. पण हा गृहस्थ मराठी शिकला, धनगरांमध्ये हिंडला, त्यांच्या ओव्या टेप करून घेतल्या. १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर त्यांचं जर्मन पुस्तक आलं. म्हस्कोबा सासवडजवळच्या वीरचा. पुण्यात जन्म काढलेल्या आपल्या घरात तो कुणाला ठाऊक होता सांग!

दुसरे व्हिक्टर क्लेम्पेरर. ड्रेस्डेनला फ्रेंच साहित्य शिकवायचे. ज्यू म्हणून १९३५ साली नाझींनी त्यांची प्राध्यापकी काढून घेतली, पुढे ग्रंथालयांची दारंही बंद झाली. वाचायला पुस्तकं उरली नाहीत, तेव्हा भोवतालची भाषाच ते वाचू लागले: भाषणं, वर्तमानपत्रं, मृत्यूच्या जाहिराती, शेजाऱ्यांचं बोलणं. राज्यकर्त्यांचे शब्द छळ सोसणाऱ्यांच्याही तोंडी कसे बसत गेले, ते लपूनछपून डायरीत टिपत राहिले. त्यातून १९४७ साली पुस्तक झालं. आयुष्यभर परकं साहित्य वाचलेला कान होता, म्हणूनच स्वतःची भाषा त्यांना अशी लांबून ऐकू आली, असं मला वाटतं. हा कान दोन वर्षांत तयार होत नाही. सुरुवात मात्र होते.

पैशाचं म्हणशील तर पहिली काही वर्षं शिकवण्या कराव्या लागतील. त्याची लाज बाळगू नकोस.

अर्ज भरण्याआधी विभागात जा. अभ्यासक्रम मागून घे. १९३३ ते १९४५चा काळ आणि १९४९ नंतरच्या दोन जर्मनी त्यात आहेत का, मूळ जर्मन पुस्तकं अखंड वाचायला लावतात की नुसते उतारे, हे तिथल्या मुलांना विचार. वाचायला लावत असतील तर भावोजींशी मी बोलते. नसतील तर खुशाल नोकरी धर.

ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी