उंबऱ्याबाहेरचा प्रश्न

मास्तरकी सुटून मला पुष्कळ वर्षें झालीं. तरी शिक्षकसंघाच्या सभेचें बोलावणें आलें, कीं पाय आपोआप तिकडे वळतात. मार्च 2023 मधील अशाच एका सभेंत मी मागच्या बांकावर बसलों होतों. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपांत शिक्षकांनींहि उतरावें कीं नाहीं, हा वाद होता. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीस लागलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन नव्हतें. एकाच शाळेंत शिकविणाऱ्या दोघांचें म्हातारपण निराळें! गाऱ्हाणें रास्त होतें; पण दिवस ऐन दहावीच्या परीक्षेचे होते.

एक वयस्क बाई म्हणाल्या, "आपल्या पोटासाठीं मुलांचें वर्ष पणास कां लावायचें?"

त्यावर एक तरुण शिक्षक उठला. "शिरगणतीला आणि निवडणुकीला 2009 चा शिक्षणहक्क कायदाच आम्हांला वर्गांतून उठवूं देतो. तेव्हां मुलांची आठवण कोणास होते?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

तो माझाच विद्यार्थी. शिक्षकानें पोटाचा प्रश्न वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावा, हें त्यानें माझ्याच तोंडून ऐकलेलें. तेंच पुन्हां सांगावयास मी उठलों, आणि एकदम आठवलें, कीं माझें निवृत्तिवेतन दरमहा बिनबोभाट येतें. उंबऱ्याबाहेर ठेवावयास माझ्यापाशीं प्रश्नच कोठें होता? "संप करा, पण परीक्षेचें काम सोडूं नका," एवढेंच मी म्हणालों. दोन्ही पक्षांस तें रुचलें नाहीं.

14 मार्चला सुरू झालेला संप सातव्या दिवशीं मिटला. हल्लीं कोणास उपदेश करण्यापूर्वीं मी आपला खिसा चांचपून पाहतों.