धार

परवा महाशिवरात्रीच्या जत्रेत वैनगंगेकाठच्या मार्कंड्यास एका रसवंतीच्या यंत्राचा पट्टा घसरून जळक्या रबराचा वास पसरला आणि माझे पाय जागीच थबकले. कारण पूरबचावाच्या नावेचे इंजिन ज्याने सांभाळले आहे, त्याच्या लेखी त्या वासाचा अर्थ एकच: पाणी तुटले आणि पंपातला इंपेलर गेला.

नावेच्या पाठीस टांगलेल्या त्या लहान इंजिनाला थंड ठेवते ती नदीच. खालच्या जाळीतून शिरलेले पाणी इंपेलरची रबरी पाती वर ढकलतात, तप्त सिलिंडरभोवती फिरून ते वैनगंगेत परतते, आणि त्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या बाजूने बाहेर उडत राहते. ज्या मिस्त्रीपाशी मी हे शिकलो, तो एवढेच म्हणे, “धार पाय, बापू; आवाज मंग आयक.”

वैनगंगेची रेती ही पाती झिजवते. कोरडे इंजिन हौसेने क्षणभर फिरवले तरी पाण्याच्या ओलाव्यावर जगणारे ते रबर जळू लागते. आणि उन्हाळाभर गोदामात पडून राहिले की पाती एका कुशीस वळून तशीच ताठरतात. म्हणून मृगापूर्वी नवा इंपेलर बसवणे, आणि गढूळ पुरातून परतताच स्वच्छ पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून गाळ धुणे, हा मिस्त्रीचा अलिखित हुकूम होता. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाचा विसर्ग वाढून वैनगंगेकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा तो हयात नव्हता; परंतु त्या अफाट जलराशीवर माझी दृष्टी खिळली होती ती बोटभर धारेवरच.

अशाच निगराणीची खूण मार्कंड्याच्या देवळातही आहे. नदी जेथे उत्तरवाहिनी होते, त्या या तीर्थी १८७३-७४ च्या दौऱ्यात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम आला. वीज पडून मुख्य देवळाचे शिखर महामंडपावर कोसळल्याची हकीकत त्याने अहवालात रुजू केली. त्या पडझडीनंतर एका गोंड राजाने दुरुस्ती करताना आत जाड, चौकोनी खांब उभारले. रसिक त्यांना बेढब म्हणतात, आणि ते ऐकून मला आजही संताप येतो. सुरसुंदरी कोरणाऱ्या हातांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु दुसऱ्याने घडवलेले कोसळू नये म्हणून ज्यांनी खांदा दिला, त्यांच्या कामाला सौंदर्याची कसोटी लावणे हा अन्याय आहे. हाच अन्याय कागदावरही होतो: सरकारी दप्तरात वस्तूच्या खरेदीची तारीख ठळक अक्षरांत असते. तितक्याच ठळकपणे तिच्या निगराणीची तारीख आणि ती निगराणी राखणाऱ्याचे नाव तेथे नोंदले जावे, एवढी मागणी मी उघडपणे करतो.