हजेरीपटातला रविवार

नाताळच्या सुट्ट्या लागल्या तशा मूलच्या चौकात बाहेरच्या पासिंगच्या गाड्या दिसायला लागल्या. सगळे ताडोब्याला चाललेले. गांधी टोपी घालून चहा पिणारे आपले म्हातारे त्या गाड्यांकडे बघत होते. एक जण म्हणाला, "यायले वाघ दिसत नाही म्हणून पैसे भरून जातेत, अन् आपल्याले दिसते म्हणून आपण घरात बसतो." सगळे हसले. मीही हसलो. पण सुट्टी या विषयावर त्या आठवड्यात माझं वेगळंच काही चाललं होतं. ते सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे, मी चौदा वर्षं चंद्रपूरला एका खाजगी ऑफिसात हिशोबाचं काम केलं. पहाटेची एसटी, जाताना पंचेचाळीस किलोमीटर, येताना पंचेचाळीस. केसलाघाटातलं जंगल मी चौदा वर्षं फक्त खिडकीतून आणि अर्धवट झोपेत पाहिलं. मग ऑफिसनं माणसं कमी केली, त्यात माझा नंबर लागला. आता मूललाच घरी टेबल टाकून दुकानदारांचे, छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब लिहितो. जीएसटी, पगारपत्रक, हजेरीपट, जे मिळेल ते.

नोकरी होती तेव्हा वाटायचं, आपण आपले मालक झालो की सुट्टीच सुट्टी. झालं उलटं. नोकरीत रविवार तरी होता. घरच्या धंद्यात महिन्याची वीस तारीख आली की रविवार, दसरा, पोळा सगळं सारखंच. दोन वर्षांत वजन वाढलं, बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. चालण्याचा कंटाळा, म्हणून बाबांची जुनी काळी सायकल माळ्यावरून काढली. नवीन टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेनला तेल. एवढ्यावर ती चालू झाली. आणि मी ठरवलं, काहीही होवो, रविवारी सकाळी दोन तास माझे. फोन घरी.

माझा रस्ता ठरलेला. मूलवरून मारोडा आणि तिथून सोमनाथकडे. ऊन चांगलं वर आल्याशिवाय मी निघत नाही आणि एकटा झाडीत थांबत नाही. हा वाघाचा भाग आहे, इथं हिरोगिरी करायची नसते. 2025 च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ते मी विसरलेलो नाही. माझं जंगलात जाणं हौसेचं आहे, त्यांचं पोटाचं होतं.

28 डिसेंबरचा रविवार. थंडी चांगलीच होती. गावाबाहेर पडलो तर समोरून एक ओळखीचा माणूस सायकलवर येताना दिसला. डोक्याला मफलर, हँडलला डब्याची पिशवी. मी ज्यांचे हिशोब लिहितो त्यातल्या एका राइस मिलमध्ये तो कामाला आहे. (कुठली मिल ते विचारू नका. मूलला मिली कमी नाहीत.) थांबला.

"कुठं चाल्ले जी भाऊ सायकलनं?"

"सोमनाथकडं जाऊन येतो. सुट्टी आहे न आज."

"बरं हाय जी. आमची कायची सुट्टी? धानाच्या गाड्या लागल्या हायेत. आज तीन खाली करायच्या."

एवढं बोलून तो पुढे गेला. मी पायडल मारलं आणि शंभर फुटांवर जाऊन थांबलो. कारण आदल्या रात्रीच, महिनाअखेर आली म्हणून, मी त्या मिलचा डिसेंबरचा हजेरीपट भरून ठेवला होता. त्याच्या नावासमोर 28 तारखेच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'सा. सु.' म्हणजे साप्ताहिक सुट्टी. त्याआधीच्या तिन्ही रविवारी तेच. नोव्हेंबरमध्येही तेच.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. सीझनमध्ये मिल रविवारी बंद नसते हे मूलच्या लहान पोरालाही माहीत आहे. आवाज येतो, कोंडा उडतो, दिसतं. पण कागद वेगळा आणि मिल वेगळी अशी माझ्या डोक्यात सोय करून ठेवली होती. शेठ सांगतात, आपण लिहितो. त्या दिवशी मात्र जो माणूस माझ्या कागदावर घरी झोपला होता, तो मफलर गुंडाळून माझ्या समोरून कामावर गेला. आणि सुट्टी मजेत कोण घालवत होतं, तर हजेरीपट लिहिणारा.

सोमनाथला गेलो, पण मन लागलं नाही. तिथं बाबा आमट्यांचा प्रकल्प आहे, तुम्हाला माहीतच आहे. दर वर्षी मे महिन्यात तिथं श्रमसंस्कार छावणी भरते. शहरातली पोरंपोरी उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन कुदळ-फावडं हातात घेतात. याच बाबांनी डिसेंबर 1985 मध्ये शंभरावर तरुण-तरुणींना सायकलवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो'ची यात्रा काढली होती. स्वतः पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हतं, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. मला या दोन्ही गोष्टींचा आदरच आहे. पण त्या दिवशी एक खटकलं. सुट्टीत श्रम करायला येणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, आणि श्रमातून ज्याला सुट्टीच मिळत नाही तो आपल्याला दिसत नाही. माझी सायकल दिसली की लोक म्हणतात, "वा, फिटनेस!" त्याची सायकल दिसली की कोणी काही म्हणत नाही.

थोडं मागं जाऊ. हा रविवार आपल्याला कोणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' चालवणारे, यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ही मागणी लावून धरली. सहा वर्षांनी, 10 जून 1890 ला, रविवारची सुट्टी मंजूर झाली. म्हणजे आपण पोरांना घेऊन मटण आणायला जातो त्या रविवारमागे सहा वर्षांची लढाई आहे. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आली. 1969 मध्ये महाराष्ट्रानं माथाडी-हमालांसाठी वेगळा कायदा केला.

आता अलीकडचं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तास आणि दुकानं-आस्थापनांची 9 वरून 10 तास करायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास. 21 नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. सरकार म्हणतं, आठवड्याचे 48 तास कायमच आहेत, जादा कामाला दुप्पट पैसे आहेत, कामगाराचं नुकसान नाही. कागदावर खरं आहे. बारा तासांचे चार दिवस केले तर तीन दिवस सुट्टी, असंही गणित मांडता येतं. पण हे सगळं तपासायचं कशावरून? हजेरीपटावरून. आणि हजेरीपट कोण लिहितो? माझ्यासारखा माणूस, शनिवारी रात्री, सगळे रविवार एकदम.

सोमवारी मी शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो. चहा मागवला. मी म्हटलं, "शेठ, यापुढे जे झालं तेच लिहीन. रविवारी काम झालं तर काम लिहीन, आणि त्याचा जादा पैसा लावीन."

शेठ हसले. "भाऊ, सीझन कितीक दिवसाचा? गाडी दारात उभी ठेवली तर भाडं तुम्ही देता का? अन् सुट्टी दिली तर पहिले तेच लोक ओरडतील. विचारून पाहा."

विचारलं. आणि खरं सांगतो, शेठ बरोबर निघाले. तो मफलरवाला म्हणाला, "सुट्टी घेऊन का करू जी? कागदावर रोजी हाय, पण आमाले पैसा कट्ट्यामागं भेटते. नाही उचलला तर नाही भेटत. उन्हाळ्यात मिल ठप्प राह्यते, तवा सुट्टीच सुट्टी हाय." दुसरा म्हणाला, "तुमी लिहाच्या नादात आमचं काम नका घालवू."

मी गप्प झालो. दोन दिवस याच्यावर विचार केला. आणि मला जे समजलं ते एवढंच. पगार चालू असेल तर तिला सुट्टी म्हणतात. पगार नसेल तर तो रिकामा दिवस. आपण दोघांना एकच शब्द वापरतो म्हणून गोंधळ होतो. त्या माणसाला सुट्टी नको आहे असं नाही. त्याला उपाशी सुट्टी नको आहे. मला चंद्रपूरच्या नोकरीत रविवारचे पैसे मिळत होते म्हणून रविवार गोड होता. आज धंद्यात मलाही ते नाहीत, म्हणून दोन वर्षं मीसुद्धा रविवार घेतलाच नव्हता. फरक इतकाच, मला डॉक्टरनं सांगितलं आणि मला परवडलं.

आता राजकारणाचं बोलतो, कारण त्याशिवाय हे पूर्ण होत नाही. 2 डिसेंबरला आपल्या नगरपरिषदेचं मतदान झालं. निकालाला 21 तारखेपर्यंत थांबावं लागलं. त्या एकोणीस दिवसांत चौकात काय काय चर्चा झाल्या ते आठवा. प्रचारात माझ्या दारी सगळ्या पक्षांची माणसं आली. मी काय मागितलं? नाली. घरासमोरची नाली. त्याआधी 2024 ला लोकसभा झाली, विधानसभा झाली. तेव्हाही मी कोणाला कामाच्या तासांबद्दल विचारलं नाही. कामाचे तास ठरवणं हे नगरपरिषदेचं काम नाही, मान्य. पण आमदार-खासदारांचं तर आहे? तास बाराचे झाले आणि आपल्या चहाच्या टपरीवर त्याची पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. तिकीट कोणाचं कापलं यावर मात्र आपण रात्र काढली.

माझा भाचा चाकणला कंपनीत आहे, कंत्राटी. मतदानाला आला नाही. त्याला मतदानाची सुट्टी नव्हती. आणि यायला-जायला दोन दिवस. फोनवर म्हणाला, "मामा, बारा तास उभा राहिल्यावर रूमवर येऊन मोबाईल पाहायचीही ताकद राहत नाही, राजकारण कुठून करू?" हे वाक्य डोक्यातून जात नाही. लोखंड्यांच्या सभांना माणसं जमली ती वेळ काढूनच जमली असतील. ज्याच्याकडे वेळ नाही तो फक्त मतदार राहतो, तेही सुट्टी मिळाली तर.

मिलचं पुढे काय झालं? पूर्ण जिंकलो असं काही नाही. शेठनं चार दिवस फोन उचलला नाही. मला वाटलं हे काम गेलं. महिन्याला तेवढे पैसे कमी झाले तर कुठं कात्री लावायची याचा हिशोबही बायकोसोबत मांडून झाला. ती म्हणाली, "जाऊ द्या. पण खोटं लिहू नका आता. बीपी तुमचं वाढते." मग एका संध्याकाळी शेठ स्वतः आले. ठरलं ते असं: माणसांच्या दोन पाळ्या करायच्या, एक आड एक रविवार सुट्टी. त्या सुट्टीची कागदावरची रोजी द्यायची. ज्याचा रविवार कामाचा, त्याच्या रकान्यात काम लिहायचं आणि त्याचे जादा पैसे वेगळे लावायचे. कायद्यानं बसतं तितकं हे अजून नाही, हे मला माहीत आहे. शेठलाही माहीत आहे. डिसेंबरचा तो कागद मी फाडला आणि जसं झालं तसा पुन्हा लिहिला.

हे मी मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. इतकी वर्षं 'सा. सु.' लिहिणारा हात माझाच आहे. मूलमध्ये, सावलीत, सिंदेवाहीत, पोंभुर्ण्यात माझ्यासारखे हिशोब लिहिणारे बरेच आहेत, त्यातले काही हे वाचत असतील. कोणावर बोट दाखवत नाही. पुढच्या वेळी रविवारचा रकाना भरताना एकदा गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहा, एवढंच म्हणणं आहे. आणि मत मागायला कोणी दारात येईल, तेव्हा नालीसोबत हेही विचारा. मी विचारणार आहे.

गेल्या रविवारी पुन्हा सायकलवर निघालो. मारोड्याच्या रस्त्यावर तो दिसला नाही. त्याची पाळी सुट्टीची होती. परत येताना बाजारात भेटला, पोरगी सोबत, हातात वांगी आणि सांभार. म्हटलं, "काय, मजा आहे आज!"

म्हणाला, "कायची मजा जी. बायकोनं कामाले लावलं."

दोघंही हसलो.